नालीवाले काकाजी

मध्य प्रदेशातल्या सौंसरहून नागपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर फेब्रुवारीत मृग बहाराच्या संत्र्यांच्या गाड्या दिसायला लागल्या की आमच्या पट्ट्यात दोन हंगाम एकदम सुरू होतात. एक संत्र्याचा, दुसरा बजेटचा. संत्र्याच्या हंगामात व्यापारी दिसतात, दलाल दिसतात, तोडणीवाल्या बाया दिसतात. बजेटच्या हंगामात काकाजी दिसतात.

काकाजींचं गाव मी सांगणार नाही. लोधीखेड्यात त्यांचं वर्णन केलं तर लोक म्हणतात, "हे त आमच्या वार्डातले." मोहगावात केलं तर तिथले शपथेवर सांगतात की ते बसस्टँडमागे राहतात. पिपळा नारायणवारला एकानं मला चक्क त्यांच्या घरापर्यंत नेलं. दार उघडलं ते दुसरेच काकाजी होते, पण पिशवी तीच. सौंसर आणि पांढुर्णा मोठी गावं, तिथं नगरपालिका. तिथं असे तिघं-चौघं निघतात आणि त्यांचं आपसात पटत नाही. म्हणून गावाचा मुद्दा सोडून देऊ.

सोसायटीत हिशेब लिहून ते निवृत्त झाले. अंगात पायजमा-शर्ट, वर बिनबाह्यांचं जाकीट. जाकिटाच्या खिशात दोन पेनं: निळं अर्ज लिहायला, लाल अधोरेखित करायला. हातात बियाण्याच्या कंपनीची कापडी पिशवी. पिशवीत स्वतःचं स्टेपलर, कारण सरकारी स्टेपलरमध्ये पिना नसतात. कार्बन पेपरही असतो. झेरॉक्सचं दुकान नगर परिषदेच्या समोरच आहे, पण काकाजींचा झेरॉक्सवर विश्वास नाही. "झेरॉक्स कोणीबी काढते. कार्बन म्हणजे कसं, त्याच हातानं, त्याच येळेले."

बोलणं मराठीत, अर्ज हिंदीत, चिडले की शुद्ध नागपुरी. अर्जाची सुरुवात "सविनय नम्र निवेदन है कि" अशी होते आणि शेवटी "अतः श्रीमानजी" येईपर्यंत काकाजींच्या चेहऱ्यावरची नम्रता पूर्ण उतरलेली असते.

अर्ज देणं हा त्यांच्या लेखी दुय्यम भाग. मुख्य सोहळा आवक-जावकच्या टेबलावर होतो. तिथला बाबू अर्ज घेतो, बाजूला ठेवतो आणि म्हणतो, "झालं काकाजी." काकाजी हलत नाहीत. कार्बनची प्रत पुढे सरकवतात. बाबू शिक्का शोधतो. शिक्का सापडला तर पॅड कोरडं असतं. काकाजी पिशवीतून शाईची बाटली काढतात. शिक्का उमटतो, त्यावर आवक क्रमांक पडतो, तारीख पडते, आणि काकाजी तो कागद चष्म्याजवळ नेऊन असा वाचतात जसा नवा बाप पोराचं वजन वाचतो. मग एक समाधानाचा हुंकार. नाली झाली काय, न झाली काय, हा प्रश्न त्या क्षणी उरतच नाही.

हो, नाली. काकाजींच्या गल्लीतली नाली. तिचा उतार उलटा आहे. पाणी जिथून निघतं तिथंच परत येतं, आणि पावसाळ्यात तर पाहुण्यासारखं आत येऊन बसतं. काकाजींचं सगळं सार्वजनिक आयुष्य या नालीतून निघालं. पण त्यांना नुसते नालीवाले समजण्याची चूक त्यांच्यासमोर तरी करू नका. ते म्हणतील, "नाली हा माह्या एक नंबर आहे. यादी मोठी आहे."

यादी खरोखरच मोठी आहे, आणि ती तीन रबरबँडांत बांधलेली आहे. पहिल्या गठ्ठ्यात गावाच्या हातातलं: नाली, खांबावरचे दिवे, बाजारातल्या ओट्यांवरचे पत्रे, दिवसाआड येणारा नळ. दुसरा गठ्ठा भोपाळचा: महाविद्यालयात विषय वाढवा, दवाखान्यात डॉक्टर द्या, शाळेत मराठी शिकवणारा माणूस द्या. हा विधायकांना द्यायचा, त्यांनी विधानसभेत प्रश्न लावायचा. तिसरा दिल्लीचा. त्यात मुख्यतः रेल्वे. नागपूर-छिंदवाडा ही बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळची छोटी लाइन, लोधीखेडा तिच्यावरचं स्टेशन. 2015मध्ये ती मोठी करायला बंद झाली. रूळ रुंद झाले, पण काकाजींचं वेळापत्रक छोट्या गाडीवरच बेतलेलं राहिलं. "त्या गाडीत अर्ज लिवता ये. अक्षरबी हाले नाही, इतकी सुदी चाले." नवी गाडी किती वाजता सोडावी, कुठं थांबवावी, कुठं थांबवू नये, हे त्यांनी सांसदांना इतक्या बारकाईनं लिहून दिलं आहे की फक्त गाडी हाकायचीच बाकी राहिली आहे.

भोपाळच्या गठ्ठ्याला हात लावताना ते हमखास एक उसासा टाकतात. 1956च्या 1 नोव्हेंबरपर्यंत मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. मग विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि राजधानी भोपाळला गेली. इतिहासाच्या पुस्तकात ही राज्य पुनर्रचना. काकाजींच्या घरात ती कौटुंबिक दुर्घटना आहे. "आमचे बाबा सायकलीनं राजधानीले जात. सकाळी निंगले का दुपारी मंत्रालयात. आता मी दोन गाड्या बदलवतो आन् साहेब दौऱ्यावर रायते."

परिषदेचं वर्षाचं बजेट कसं ठरतं, हे कायद्यात एक आणि काकाजींच्या तोंडून दुसरं. कायदा 1961चा, मध्य प्रदेश नगरपालिका अधिनियम. त्याप्रमाणे लेखा शाखा अंदाज मांडते, मुख्य नगरपालिका अधिकारी म्हणजे सीएमओ साहेब तो पाहतात, अध्यक्षांची प्रेसिडेंट इन कौन्सिल त्यावर बसते, आणि मग सगळ्या पार्षदांच्या संमेलनात तो मंजूर होतो. हे सगळं एप्रिल उजाडायच्या आत. काकाजींची आवृत्ती अशी: "पयले पगार. मंग बिजलीचं बिल, नळाच्या मोटारीचं आन् खांबाचं. मंग मागच्या ठेकेदाराची उधारी. मंग जे उरते त्याले विकास म्हणते."

आणि उरतं ते कुठून येतं, हेही त्यांना पाठ. घरपट्टी, पाणीपट्टी ही गावाची स्वतःची कमाई. ती गावातल्या लोकांनी भरायची असते, म्हणून तिच्याबद्दल काकाजी फार बोलत नाहीत. खरा आधार चुंगी क्षतिपूर्तीचा. 1976मध्ये राज्यानं चुंगी, म्हणजे जकात, बंद केली. तिच्या बदल्यात जी रक्कम भोपाळहून येते, तिच्यावर परिषदांचे पगार निघतात. नाक्यावर बैलगाड्या अडवून पैसे घ्यायचे ते दिवस काकाजींनी पाहिले आहेत. ते म्हणतात, नाका गेला, नाकेदार गेला, बैल गेले. क्षतिपूर्ती तेवढी राहिली.

त्यानंतर वित्त आयोग. इथं काकाजी खुर्ची पुढे ओढतात. 15व्या वित्त आयोगानं लहान शहरांना दिलेल्या पैशातला 60 टक्के बांधलेला. म्हणजे अर्धा स्वच्छता आणि कचऱ्यावर, अर्धा पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यावरच खर्च करायचा. हे काकाजींना कुणी सांगितलं देव जाणे. पण ज्या दिवशी कळलं त्या दिवशी त्यांच्या आयुष्याला कलाटणी मिळाली. तोवर ते अर्ज करत की नाली खराब आहे, दुरुस्त करावी. सरळ माणसाचा सरळ अर्ज. त्यावर उत्तर यायचं: मद उपलब्ध नाही.

मद, म्हणजे बजेटातलं खर्चाचं शीर्ष. काकाजींनी हा शब्द धरून ठेवला. गावाला काय हवं हे कुणी विचारत नाही. कुठल्या मदात पैसा आहे आणि त्या मदात काय बसतं, हे विचारतात. ही गोष्ट आपल्याला कळते तेव्हा आपण कडवट होतो, चहाच्या टपरीवर दोन वाक्यं बोलतो, घरी जातो. काकाजी खूश झाले. सोसायटीत आयुष्य काढलेला माणूस. खतं कुठल्या खात्यावर टाकायची हे त्यांना शिकवावं लागत नव्हतं.

तेव्हापासून नाली तीच, वेश वेगळा. स्वच्छ भारत आलं तशी नाली खुल्या गटारमुक्तीची निकड झाली. डेंग्यूची साथ आली त्या साली ती मच्छर उन्मूलनाची मूलभूत गरज होती. वित्त आयोगानं पावसाचं पाणी म्हटल्यावर ती वर्षाजल संचयन वाहिनी झाली. त्या अर्जासोबत काकाजींनी एक नकाशाही जोडला होता. त्यात आमच्या गल्लीतलं सांडपाणी बाणाबाणांनी जाऊन एका काल्पनिक शोषखड्ड्यात विरत होतं. तो खड्डा ज्या जागेवर दाखवला होता तिथं त्यांच्या व्याह्यांचा गोठा आहे.

पण त्यांची सर्वोत्तम कृती 2023ची. त्या ऑगस्टात जाम सावळीच्या हनुमान मंदिराशी हनुमान लोकचं भूमिपूजन झालं आणि तिथंच तेव्हाचे मुख्यमंत्री शिवराजसिंह चौहान यांनी पांढुर्णा जिल्हा करण्याची घोषणा केली. सगळ्यांनी घोषणा ऐकली. काकाजींनी भूमिपूजन ऐकलं. तिसऱ्या दिवशी अर्ज गेला: जाम सावळीस येणाऱ्या श्रद्धाळूंच्या सोयीसाठी अमुक गल्लीतल्या नालीचं सुदृढीकरण. मी म्हटलं, "काकाजी, आपल्या गल्लीतून जाम सावळीले कोण जाते?" काकाजी चष्म्यावरून पाहून म्हणाले, "मी जातो ना. दर शनवारी."

ऑक्टोबरात जिल्हा झाला. सौंसर तहसील छिंदवाड्यातून निघून पांढुर्ण्यात आली. लोकांनी फटाके फोडले, काहींनी नाकं मुरडली. काकाजींपुढे वेगळाच पेच: आजवरच्या सगळ्या पावत्या छिंदवाड्याच्या कलेक्टर कचेरीच्या. मंगळवारची जनसुनवाई आता पांढुर्ण्याला. जुन्या जिल्ह्यात केलेली तक्रार नव्या जिल्ह्यात जिवंत असते का? हे त्यांनी तीन वकिलांना विचारलं. तिघांनीही चहा पाजला. शेवटी त्यांनी सगळे जुने आवक क्रमांक एका ताव कागदावर उतरवले, वर "संदर्भ" असं लिहिलं, आणि नव्या जिल्ह्याच्या जनसुनवाईला एस.टी.सारख्या खिळखिळ्या खासगी बसनं सौंसरमार्गे रवाना झाले. परत आले तेव्हा इतके आनंदी की काकूंना वाटलं नाली झाली. नाली कसली! नव्या कचेरीच्या शिक्क्याची शाई ताजी होती. "पूरा गोल उमटला," ते सांगत होते, "कोठी तुटलाच नाही."

काकूंबद्दल सांगायला हवं. काकू त्यांच्या कामाला "तुमची कचेरी" म्हणतात. कचेरी बैठकीच्या खोलीत भरते. तिथल्या सोफ्यावर फायली असल्यानं पाहुणे आतल्या खोलीत, पलंगावर बसतात. काकूंचीही एक मागणी वर्षानुवर्षं प्रलंबित होती: स्वयंपाकघराच्या वरचं कौल गळतं, ते बदला. तोंडी मागणीची नोंद होत नाही असं लक्षात आल्यावर एका दिवाळीच्या पाडव्याला काकूंनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला अर्ज लिहिला, पोरीकडून त्यावर बटाट्याचा शिक्का मारून घेतला आणि जेवायच्या ताटाखाली ठेवला. काकाजींनी जेवण झाल्यावर तो शांतपणे वाचला, लाल पेनानं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला आणि म्हणाले, "वाजवी आहे. पण पावसाळ्याच्या आधी द्याले पायजे होता. आता पुढच्या बजेटात." काकूंनी त्या दिवशी चहा केला नाही. कौल त्याच आठवड्यात बदललं गेलं. आपल्याकडे दबावगट म्हणजे काय हे ज्यांना समजून घ्यायचं असेल त्यांनी हे प्रकरण अभ्यासावं.

181चा विषय काढला नाही तर काकाजी मला माफ करणार नाहीत. सीएम हेल्पलाइनवर फोन केला की तक्रारीला नंबर पडतो. ती आधी गावातल्या अधिकाऱ्याकडे, म्हणजे एल-1ला. त्यानं मुदतीत सोडवली नाही की एल-2, मग एल-3, मग भोपाळात एल-4. खुल्या तक्रारींवरून खात्यांची, जिल्ह्यांची क्रमवारी लागते, त्यामुळे वर चढणारी तक्रार कुणालाच नको असते. तक्रार बंद करायला तक्रारदारानं "मी समाधानी आहे" असं म्हणावं लागतं. या एका वाक्यासाठी उपयंत्री साहेब काकाजींच्या ओट्यावर किती वेळा येऊन बसले असतील! तरुण पोरगा, बाहेरगावचा, नोकरी नवी.

"काकाजी, बंद कर दीजिए ना. महीने का आखिर है."

"बसा ना जी साहेब. संत्रा खा."

"काम तो प्रस्तावित है ही."

"प्रस्तावित त मीबी आहो वरच्यासाठी. तारीख आली का सांगतो." आणि संत्र्याची फोड पुढे करत, "रागावू नोका. तुमच्यावर नाही तक्रार. पदावर आहे."

हे खरंच आहे. उपयंत्री साहेबांच्या लग्नाला काकाजी सहा तासांचा प्रवास करून गेले. आहेराच्या पाकिटावर नाव घातलं आणि सवयीनं खाली तारीख घातली. बदली झाली तेव्हा निरोपाचं भाषण काकाजींनीच केलं. पण तक्रार बंद केली नाही. ती नव्या उपयंत्र्याला वारशात मिळाली.

पूर्वी काकाजी जरा जहाल होते म्हणतात. मध्य प्रदेशात निवडून दिलेला अध्यक्ष परत बोलावता येतो. मतपत्रिकेवर दोन चित्रं, खाली म्हणजे रिकामी खुर्ची आणि भरी खुर्ची. 2001मध्ये अनूपपूरला लोकांनी खाली खुर्चीवर शिक्के मारून अध्यक्ष घरी पाठवला, तेव्हा काकाजींनी पेढे वाटले होते, स्वतःच्या गावाचा काही संबंध नसताना. पुढे बरेच दिवस ते कुणा अध्यक्षासमोर बसले की आधी त्याच्या खुर्चीकडे टक लावून बघायचे. काही बोलायचे नाहीत. 2022ला नगर परिषदांचे अध्यक्ष जनतेतून न निवडता पार्षदांनीच आपल्यातून निवडले, तेव्हा काकाजींचं हे हत्यार बोथट झालं. त्या वर्षी ते वाळले, असं काकू सांगतात.

बजेटच्या संमेलनाच्या दिवशी काकाजी सकाळीच दाढी करून तयार असतात. आत पंधरा वार्डांचे पार्षद, काही ठिकाणी पार्षदबाई आणि त्यांच्या मागच्या खुर्चीवर पार्षदपती. बाहेर खिडकीशी काकाजी. लेखापाल मद वाचत जातो, काकाजी खिडकीतून आपल्या कागदावर खुणा करत जातात. कुणी नळाचा विषय काढला की मान हलवतात. कुणी मागच्या वर्षीचा आकडा चुकवला की खिडकीतूनच "बयालीस नाही, चवरेचाळीस!" अशी दुरुस्ती येते, आणि आतला लेखापाल सवयीनं "हाँ, चौवालीस" म्हणून पुढे जातो. समोसा फिरतो. खिडकीतूनही एक दिला जातो. मग "सर्वानुमते मंजूर" होतं, बाकं वाजतात आणि काकाजीही खिडकीची चौकट वाजवतात, नाली यादीत असो वा नसो. मी एकदा विचारलं, की तुमचं काम नसताना टाळ्या कायले? ते म्हणाले, "बजेट पास झालं ना बाप्पा. गावाचं आहे ते."

नाली शेवटी झाली. कुठल्या मदातून झाली यावर अजून वाद आहे. पार्षद म्हणतो त्याच्या प्रयत्नातून, विधायकांचा माणूस म्हणतो विधायक निधीतून, आणि काकाजींकडे एक कागद आहे ज्यावर ती आजही श्रद्धाळूंच्या सोयीसाठी म्हणून नोंदलेली आहे. नारळ फुटला, फोटो निघाला. फोटोत काकाजी नाहीत, कारण ते तेव्हा वाकून पाण्याच्या पातळीच्या नळीनं उतार मोजत होते. उतार यावेळी बरोबर निघाला. त्यांचा चेहरा किंचित पडला, असं मला वाटलं. पण लगेच लक्षात आलं की नालीवर ढापे नाहीत. उघड्या नालीत वासरू पडू शकतं. पशुसंवर्धन विभागात काही मद आहे का, हे ते सध्या बघताहेत.

आणि आता एकटे नाहीत. वर्षभर हसणारे लोक जानेवारी सरला की एकेक करून त्यांच्या ओट्यावर येतात. शेजारच्या वार्डाचा पार्षदही येतो, अंधार पडल्यावर. 16व्या वित्त आयोगाचा काळ एप्रिल 2026पासून, त्यात कशाला काय म्हणायचं हे आधी काकाजींनाच विचारावं असं आता सगळ्यांनी मान्य केलं आहे. परवा मागच्या गल्लीतली एक बाई आली. घरासमोरच्या खांबावरचा दिवा बंद आहे, रात्री पोरीला क्लासहून यायला भीती वाटते, वगैरे सांगू लागली. काकाजींनी कार्बन पेपर लावला, निळ्या पेनाचं टोपण काढलं आणि तिला हातानं थांबवलं.

"दिवा कायले पायजे ते मले नोको सांगू माय," ते म्हणाले. "ते समजलं. खांब कोणत्या साली गाडला, आन् त्याच्यावर कोणाची पाटी आहे, ते पाहून ये."